न सुटलेलं कारेम

माझा धाकटा दीर मृदुंग वाजवायचा, आणि फार चांगला वाजवायचा. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे बेटावरच्या आमच्या ह्या गावात, कांप दे मास्कमध्ये, ज्याला जे सुचलं ते तो त्याच्याविषयी बोलला, आणि त्यात मृदुंगाचं नाव कुणी काढलं नाही.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी पितोंहून लग्न होऊन ह्या गावात आले, तेव्हा हा दीर अर्ध्या चड्डीत होता. नात्यानं मी त्याला भावजी म्हणायला हवं. पण ज्याचं नाक पुसून शाळेत पोचवलं त्याला भावजी कोण म्हणणार? मी सरकारी प्राथमिक शाळेत मराठी शिकवायचे. हा माझ्याच वर्गात, शेवटच्या बाकावर, बोटांनी बाक बडवत बसलेला. मी डोळे वटारले की थांबायचा, फळ्याकडे वळले की पुन्हा सुरू. शेवटी कंटाळून मीच त्याला मंडळीच्या हॉलमध्ये नेऊन मृदुंगापुढे बसवलं. म्हटलं, घे, हे बडव.

मंडळी म्हणजे आमच्या गावातल्या मराठी घरांची संस्था. गणपती, लग्नकार्य, मयत, सगळं तिच्या हातून व्हायचं. गणपतीत झाकरी नाचायची ती मंडळीच्याच हॉलमध्ये. कोकणातली जाखडी ती हीच. आमचे खापरपणजे ती ऊसतोडीच्या करारावर अंगठा उठवून आले तेव्हा बरोबर घेऊन आले, आणि इथल्या तोंडी तिची झाकरी झाली. चार-पाच वर्षांत हा मुलगा असा तयार झाला की लांबच्या गावांतली म्हातारी माणसं झाकरीला यायची ती त्याचा हात ऐकायला. मी मागे उभी राहून शेजारणीला कोपरानं ढोसायची, आमचा आहे तो.

शाळा काही त्याला झेपली नाही. पोर्ट लुईच्या धक्क्यावर साखरेची पोती उचलायला लागला. मग साखर पोत्यांतून न जाता पट्ट्यावरून थेट बोटीत पडायला लागली आणि पोती उचलणारे घरी बसले. त्याच सुमाराला बेटावर ब्राउन आलं, म्हणजे ओढायची हेरॉईन.

रोम, म्हणजे उसाची दारू, पिऊन पडणारा माणूस आम्हाला नवा नव्हता. त्याला चौघांनी उचलून घरी न्यायचं, सकाळी बायकोनं यथेच्छ शिव्या द्यायच्या, मिटलं. ब्राउन ओढणारा पडत नाही. जेवायला बसला की ताटावरच पेंगतो, घास हातात तसाच राहतो. आधी वाटलं, ही शहरातली भानगड आहे. मग फ्लाकमधून बातम्या यायला लागल्या, मग शेजारच्या गावातून, मग आमच्याच रस्त्यावरून. इस्पितळात खाटा पुरत नव्हत्या. डॉक्टरांनाही ह्या व्यसनाचा अनुभव नवा होता. आया पोरांना खोलीत कोंडायच्या आणि बाहेर सांगायच्या, मलेरिया झालाय.

एके दिवशी मंडळीच्या खुंटीवरचा मृदुंग नाहीसा झाला. चोर शोधावा लागला नाही, आमच्याच घरात होता.

आमचे हे फ्लाक ते पोर्ट लुई बस चालवायचे. त्यानंतर काही दिवसांनी एका दुपारी यांना तो शहरातल्या बसस्टँडवर भिंतीला टेकून बसलेला दिसला. अंगावर शर्ट, खाली काय होतं ते सांगत नाही. यांनी त्याला उचलून पुढच्या सीटवर बसवलं आणि भरल्या बसनं घरी आणलं. सगळं गाव उतरता उतरता बघून गेलं. मला त्याचं काही वाटलं नाही. वाटलं ते त्याच्या बोटांकडे बघून. मांडीवर पडली होती आणि हलत नव्हती.

"वयनी," तो म्हणाला, "मना सोडायचं हाय. पा कपाव. होत नाय माज्यानं."

सासूबाई चुलीपाशी बसून होत्या. त्यांचे दोन मुलगे लहानपणीच गेलेले, हा शेंडेफळ. त्या रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "सूनबाय, ह्यो पन गेला तर मी ऱ्हात नाय." मला त्या क्षणी इतका राग आला, कुणावर ते कळेना. ब्राउनवर, धक्क्यावर, देवावर. मी ठरवलं, हा मुलगा मी जाऊ देणार नाही.

पहिल्यांदा पितोंला गेले, माहेरी. माझा मोठा भाऊ सरकारी कचेरीत होता, टाय लावून जायचा. म्हटलं, दादा, थोडे दिवस ह्याला तुझ्याकडे ठेव, इथल्या सोबत्यांपासून लांब राहील. दादानं चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, "घरी पोरीचं लगीन हाय. लोक काय म्हनतील?" पुढे लग्नाचं बोलावणं आलं त्यात, दिराला आणू नये, असा निरोपही होता. मी लग्नाला गेले नाही. विचारणाऱ्यांना सांगितलं, तब्येत बरी नव्हती. तब्येत ठणठणीत होती.

पोर्ट लुईत एक मासेर होत्या, म्हणजे कॅथलिक जोगीण. अशा मुलांच्या घरी जाऊन बसायच्या. यांच्या बसनं त्या नेहमी जात, त्यामुळे ओळख होती. त्या घरी आल्या, दिराची नाडी बघितली, आणि मला क्रेओलमध्ये सांगितलं की ह्याला एकट्याला कोंडू नका. मोठी जागा बघा, माणसं बसवा, असेच आणखी असतील त्यांनाही बोलवा. सुटताना अंग मोडतं, थंडी भरते, उलट्या होतात, पण मरत नाही कुणी. मरतात ते नंतर, पुन्हा ओढून.

गावात मोठी जागा एकच, मंडळीचा हॉल. मी सभेत जाऊन मागितला.

मंडळीचे अध्यक्ष म्हणजे आमचे काका, सासऱ्यांचे चुलतभाऊ. माणूस वाईट नव्हता. आंबोळीसारखा, कडा कडक आणि मध्ये मऊ. पण मृदुंग त्यांच्या वडिलांचा होता. ते उठून उभेच राहिले. "जिथं गनपती बसतो तिथं ड्रोगे बसवू? मृदुंग खाल्लान, आता देऊळ खाल मनावं!" बायका खाली बघायला लागल्या. पुरुषांनी विड्या विझवल्या. सभा संपल्यात जमा होती.

आणि माझी जीभ सुटली. माझी जीभ सुटते तेव्हा डोक्याला विचारत नाही. मी म्हणाले, "काका, तो ड्रोगे नाही. त्यानं कारेम धरलंय."

कारेम हा शब्द मराठी नव्हे. ईस्टरच्या आधी ख्रिस्ती लोक उपास करतात त्याचं ते फ्रेंच नाव. पण आमच्या बेटावर तो सगळ्यांचा झालाय. मुसलमानाचे रोजे म्हणजे कारेम, तमिळ माणूस कावडीआधी पाळतो ते कारेम, आणि गणपतीआधी आम्ही मांसमच्छी आणि दारू सोडतो तेही कारेम. त्याचे नियम लहान पोराला माहीत असतात. घरात एकानं धरलं की चुलीवर कुणासाठीच मांस चढत नाही. कारेम धरलेल्याला मोह घालायचा नाही, टाकून बोलायचं नाही. आणि त्याला देवाच्या दारातून परत पाठवणं हे तर कुणी ऐकलेलंच नाही.

काका उभे होते ते खाली बसले. सावन तोंडावर आला होता, सगळी घरं धरणारच होती. मागून सासूबाई उठल्या. सभेत कधी न बोलणारी बाई. म्हणाल्या, "आमच्या घरात आजपासून चूल कारेमची. ज्याला यायचं त्यानं यावं." आणि निघाल्या. दुसऱ्या दिवशी हॉलची किल्ली काकांनी आमच्या फाटकाच्या खिळ्याला अडकवून ठेवलेली होती. हातात दिली नाही, मानी माणूस.

मग जे झालं ते आठवलं की अजून ऊर भरून येतो. एका घराचं कारेम शेजारच्यानं धरलं, त्याचं पलीकडच्यानं. आमच्या रस्त्यावरच्या लाबुतिकवाल्या, म्हणजे दुकानवाल्या, चिन्यानं रोमच्या बाटल्या खालच्या फळीवर ठेवून पुढे तांदळाची पोती रचली. कुणी मागितली तर म्हणायचा, इथं कारेम आहे, पुढच्या गावी जा. उसाच्या तोडणीचे दिवस होते. बायका पहाटे तोडणीला जायच्या, दुपारी परत आल्या की हातपाय धुवून आळीपाळीनं हॉलमध्ये. माझी शाळा सुटली की मी. आठवड्याभरात दिराबरोबर आणखी मुलं आली. एक तमिळ गवंडी, किनाऱ्यावरचा एक क्रेओल कोळी, एका मुसलमान शिंप्याचा मुलगा, दोन आमच्यातलेच, ज्यांच्या आया मलेरिया सांगत होत्या. सगळे म्हणत, आम्हीही कारेम धरलंय. शब्द प्रत्येकाच्या घरातलाच होता, समजावून सांगावा लागला नाही.

चुकाही आमच्याच पद्धतीच्या झाल्या. आमच्या बायकांना दुःखावर औषध एकच माहीत, जेवण. सुरुवातीला त्या मुलांपुढे केळीच्या पानावर लग्नाच्या सात भाज्या, पुऱ्या, खीर. पोरं थरथरताहेत, पाय झाडताहेत, आणि एक काकू पदर खोचून खिरीचा डाव घेऊन मागे लागलीय, घे रे बाबा, एक तरी. सगळं बाहेर आलं. गवंड्याचं तर काकूच्या लुगड्यावर. मासेर आल्या आणि हसून हसून भिंतीला टेकल्या. मग सासूबाईंनी पेज केली, मीठ घालून, पातळ, बाळंतिणीला देतात तशी. ती राहिली पोटात. तेव्हापासून हॉलमध्ये पेजेचं पातेलं कधी उतरलं नाही.

ते दिवस सोपे होते असं मी म्हणणार नाही. दीर एकदा पळून उसात शिरला. तोडणीच्या बायकांनी त्याला कोयते बाजूला ठेवून दोन्ही दंडांना धरून आणला, त्यातली एक त्याच्याबरोबर शाळेत होती. ती त्याला म्हणाली, "कारेम धरून पळतंस? लाज नाय?" आणि तो खरोखर लाजला. ब्राउनची त्याला लाज वाटत नव्हती, कारेम मोडायची वाटली. मला तिथं कळलं की माझी जीभ त्या दिवशी योग्य तेच बोलली होती.

सावन संपता संपता मुलांच्या गालांवर रंग आला. शिंप्याच्या मुलानं सगळ्यांच्या सदऱ्यांची बटणं लावून दिली. दीर नदीवर जाऊन गणपतीची माती खणून आणायला लागला, कारण मूर्ती आम्ही घरीच करतो. बोटं थरथरायची, म्हणून सोंड तीनदा मोडली. मग एका संध्याकाळी काका हॉलमध्ये आले, कापडात गुंडाळलेला मृदुंग खाली ठेवला, आणि कुणाकडे न बघता म्हणाले, "कातडं सैल झालंय. बग जरा." तोच मृदुंग होता. कुठून शोधून आणला ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. दिरानं त्यावर हात ठेवला, वाजवला नाही, नुसता ठेवला. मी पेजेचं पातेलं ढवळायच्या निमित्तानं पाठ फिरवली.

गणपती बसला. झाकरी रंगली. दिराच्या मृदुंगावर सगळ्या रस्त्यानं फेर धरला, चिनी लाबुतिकवालासुद्धा चुकत चुकत नाचला. मी इतकी खुशीत होते की काही लक्षात येत नव्हतं. विसर्जनाच्या सकाळी भाजी चिरत बसलो होतो, तेव्हा आमच्यातल्याच एका मुलानं सहज विचारलं, "बाय, आज कारेम सुटनार ना?"

त्याचे डोळे चमकत होते. मागच्या अंगणात पुरुष मंडळी मोठ्या टोपात बोकडाचं मटण चढवत होती. रोमच्या बाटल्या पोत्यांमागून बाहेर आल्या होत्या. आमचे हे मसाला वाटत होते आणि गुणगुणत होते. दर वर्षीचीच रीत, गणपती पाण्यात गेला की कारेम सुटतं, नदीवरच पहिला घोट आणि पहिला घास. माझ्या हातातली सुरी तशीच राहिली. आम्ही सगळ्यांनी मिळून ह्या पोरांना एक गोष्ट शिकवली होती, कारेम पाळायला. आणि कारेम सुटतं हे त्यांना आमच्याआधीपासून माहीत होतं. मासेर म्हणाल्या होत्या, मरतात ते नंतर. तो नंतर आज दुपारीच होता.

मी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी माझा हात घट्ट धरला. दिराला सांगायला गेले, तर तो मृदुंग गळ्यात अडकवून मिरवणुकीच्या पुढे उभा. त्यानं माझ्याकडे बघितलं. काय सांगणार होते? गणपती बुडवू नकोस?

नदीपर्यंत तो वाजवत गेला. मी मागून चालत होते आणि आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, ही मिरवणूक जरा हळू जावी. काठावर आरती झाली. मृदुंग काकांकडे देऊन दीर मूर्तीचा पाट घेऊन पाण्यात उतरला, कमरेपर्यंत. मुलं त्याच्या मागे. गणपती गेला. सगळ्यांनी आरोळी दिली. काठावर आणून ठेवलेल्या टोपाचं लगेच झाकण निघालं, वास सुटला, पेले भरले. काकांनी रीतीप्रमाणे पहिला पेला मृदुंगवाल्यासाठी पुढे केला आणि मोठ्यानं म्हणाले, "चला, कारेम सुटला!" त्यांच्या मनात वाकडं काही नव्हतं. मानानं देत होते.

विसर्जन झालं की आम्ही नदीच्या तळाची मूठभर माती त्याच पाटावर घालून घरी आणतो आणि देवापाशी ठेवतो. दिरानं पाण्यात बुडी मारली. वर आला तेव्हा पाटावर मूठभर नव्हती, ढीग होता. चिखल त्याच्या हातांवरून ओघळत होता. तो काकांच्या समोर येऊन थांबला. पेल्याकडे बघितलं.

"काका, तुमचा सुटला," तो म्हणाला. "माजा गनपती आजून पाटावर हाय. ही माती घरात हाय तवर माजा कारेम नाय सुटत."

मग तमिळ गवंड्यानं पाण्यात वाकून स्वतःची मूठ भरून घेतली. आमच्यातल्या दोघांनी घेतली. सकाळी विचारणारा सगळ्यात शेवटी, पण घेतली. कोळ्यानं आधी छातीवर क्रूस काढला आणि मग घेतली. शिंप्याच्या मुलानं मातीला हात लावला नाही, पण पाट जड होता, त्याची दुसरी बाजू त्यानं धरली. आणि ते सगळे ओल्या कपड्यांनी घराकडे निघाले.

काकांनी पेला नदीत ओतला. मग टोपाचं झाकण लावलं. आमच्या ह्यांच्या चेहऱ्यावर जे दुःख मी त्या क्षणी बघितलं ते लग्नात माझ्या आईच्याही चेहऱ्यावर नव्हतं. मटण पलीकडच्या गावाला गेलं. मी आयुष्यात पुष्कळ मिरवले आहे, शाळेत बक्षीस मिळालं तेव्हा, मुलं पास झाली तेव्हा. पण त्या दुपारी चिखलानं माखलेल्या मुलाच्या मागे मी जशी मान ताठ करून चालले तशी कधीच चालले नाही.

सगळी टिकली नाहीत. कोळी पुढच्या वर्षी पुन्हा ओढायला लागला, पुन्हा आला, पुन्हा गेला. पण हॉल चालू राहिला. दर गणपतीला जुन्या मातीतली मूठ नव्या मूर्तीत मिसळायची आणि विसर्जनाला नवी मूठ परत आणायची. त्या मातीची वाटी सासूबाईंच्या देव्हाऱ्यात. दीर दिवसा भाजीचा मळा बघायचा आणि दुपारनंतर हॉलमध्ये असायचा, नव्या मुलांच्या उशाशी, बोटांनी जमिनीवर ठेका धरत.

ऐंशीचं दशक सरता सरता एका रविवारी आमच्या फाटकाशी पितोंची गाडी थांबली. दादा उतरला. टाय नव्हता. मागच्या सीटवर कुणीतरी चादरीत गुंडाळून बसलं होतं, पाय झाडत होतं. दादाचा धाकटा. दादानं फाटकाला हात लावला आणि उघडलं नाही. "लोक..." म्हणाला.

माझ्याकडे उत्तर तयार होतं. इतकी वर्षं घासूनपुसून ठेवलेलं, लखलखीत. मी तोंड उघडलंसुद्धा. पण दीर माझ्या आधी उठला. देव्हाऱ्यातली मातीची वाटी घेतली, फाटक उघडलं, आणि दादाच्या हातात वाटी दिली.

"दादा, पोराला आत आना," तो म्हणाला. "ह्या घरात समद्यांचाच कारेम हाय."

मी चुलीवर पेज ठेवली.